ही गाय धर्माची नाही

‘धर्माची गाय आणि दात काय’ ही आपल्याकडची जुनी म्हण. दानात मिळालेल्या गाईचं वय दात पाहून ठरवू नये, पदरात पडलं ते गोड मानून घ्यावं, असा तिचा भाव. दान घेणाऱ्याला ती शोभते. पण हल्ली ही म्हण भलत्याच दारात नेऊन बांधली जाते. बँकेच्या कार्डावर, विमानाच्या प्रवासावर किंवा हॉटेलांच्या सभासद योजनेत वर्षानुवर्षं पॉइंट साठवून एखादं कुटुंब दोन रात्रींची खोली घेतं. तिथं पोचल्यावर भिंतीला ओल, गिझर बंद, उशीला वास, आणि आरक्षणाच्या पावतीवर स्पष्ट लिहिलेला नाश्ता सकाळी नाकारला जातो. तक्रार केली की काउंटरवरच्या माणसापासून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर येतं, ‘अहो, फुकटात तर मिळाली होती.’ या उत्तराला माझा सरळ विरोध आहे. ते हिशेबानं चूक आहे, कायद्यानंही चूक आहे. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच ते खाली मान घालून मान्य करतो, हे मला सगळ्यांत जास्त खटकतं.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात बसून हा विषय कशाला काढायचा, असं पहिल्यांदा कुणाच्याही मनात येईल. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. वसमतची आणि हिंगोलीची हळद, औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव ही त्याची ओळख. मोठ्या साखळी हॉटेलांचा हा मुलूख नव्हे. पण पॉइंट मात्र इथं घराघरांत पोचलेले आहेत, आणि ते विमानात बसणाऱ्यांचेच आहेत असंही नाही. रंगकाम करणारा कारागीर वीस लिटरची बादली उघडतो तेव्हा आधी झाकणाकडे बघतो. तिथं चिकटवलेलं कूपन अंगठ्याच्या नखानं खरवडायचं, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या बोटांनी मोबाईल धरून त्यावरचा चौकोनी कोड टिपायचा, मग आजच्या खात्यात किती पडले ते पाहायचं, हा त्याच्या कामाचाच भाग झाला आहे. गवंडी सिमेंटच्या गोण्यांवर पॉइंट मिळवतात, वायरमन वायरच्या बंडलावर. कृषी सेवा केंद्रवाल्याचा खरिपाचा सगळा हंगाम कंपनीच्या ‘स्कीम’भोवती फिरतो. इतका माल उचलला की इतके पॉइंट, इतके पॉइंट झाले की गोव्याची किंवा बँकॉकची टूर, हॉटेल कंपनीचं. शिक्षक, तलाठी, बँकेतले कर्मचारी यांच्या कार्डावर वेगळे पॉइंट जमतात. ते खर्च होतात ते मुंबईत, पुण्यात, हैदराबादला. मुलीच्या प्रवेशासाठी, आईच्या तपासणीसाठी किंवा चार दिवस कुठं तरी जाऊन येण्यासाठी. जनशताब्दीनं मुंबईला उतरलेल्या अशा कुटुंबाला त्या शहरात ओळखीचं दार नसतं. खोली वाईट निघाली तर तिथल्या तिथं दुसरी घेण्याइतके पैसे खिशात असतीलच असंही नाही. म्हणून हा प्रश्न मुंबईच्या माणसापेक्षा हिंगोलीच्या माणसाला जास्त लागू पडतो.

आता हिशेब पाहू. पॉइंट ही भेट असती तर देणाऱ्या कंपनीनं ती जाहिरातीच्या खर्चात टाकून विषय संपवला असता. तसं होत नाही, आणि करायला परवानगीही नाही. भारतातल्या मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून ‘इंड एएस ११५’ हे लेखामानक लागू झालं. त्याचा या बाबतीतला नियम असा की ग्राहकानं दिलेल्या पैशात दोन गोष्टींची किंमत धरलेली असते, आज दिलेल्या वस्तूची किंवा सेवेची आणि उद्या पॉइंटवर द्यायच्या वस्तूची किंवा सेवेची. ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर ते बेतलेलं आहे त्यातलं उदाहरण रुपयांत मांडलं तर चित्र स्वच्छ दिसतं. ग्राहकांनी १,००,००० रुपयांची खरेदी केली. दर दहा रुपयांना एक याप्रमाणे १०,००० पॉइंट मिळाले, पुढच्या खरेदीत एका पॉइंटला एक रुपया सूट. त्यातले ९,५०० वापरले जातील असा कंपनीचा अंदाज. तर कंपनीनं आज उत्पन्न म्हणून लिहायचे ९१,३२४ रुपये. उरलेले ८,६७६ रुपये देणं म्हणून बाजूला ठेवायचे. लोक पॉइंट वापरतील तसतसे ते उत्पन्नात घ्यायचे. म्हणजे हे ८,६७६ रुपये ग्राहकानं आधीच मोजलेले आहेत. कंपनीच्या वहीत ते त्याला द्यायचं देणं म्हणून नोंदलेले आहेत. तो पुढं कधी तरी हॉटेलच्या काउंटरवर उभा राहतो तेव्हा तो आपली आगाऊ रक्कम वसूल करायला आलेला असतो. ज्या कंपनीचा लेखापाल त्याला धनको मानतो, त्याच कंपनीच्या काउंटरवर त्याला याचक कसं ठरवता येईल?

आयकर खात्याचीही हीच दृष्टी आहे, आणि ती कृषी सेवा केंद्रवाल्याला चांगली ठाऊक आहे. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात कलम १९४ आर आलं. व्यवसायाच्या निमित्तानं कुणाला वर्षात वीस हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला, मग तो रोख असो, वस्तू असो की सहल, तर देणाऱ्यानं दहा टक्के करकपात करायची. वितरकांना दिलेल्या टूरसारखे लाभ त्यात येतात, हे प्रत्यक्ष कर मंडळानं जून २०२२ च्या परिपत्रकात सोदाहरण सांगितलं. आता विचार करा. सेनगावच्या दुकानदारानं हंगामभर माल विकून टूर मिळवली. ती त्याचं उत्पन्न आहे असं सरकार म्हणतं, तिच्यावर कर लागतो. तिथल्या हॉटेलात चार जणांच्या कुटुंबाला दोन जणांची खोली मिळाली तर मात्र ती कंपनीची मेहेरबानी ठरते! कर भरताना कमाई आणि तक्रार करताना भीक, असं एकाच गोष्टीचं दोन ठिकाणी दोन प्रकारे मोजमाप होत असेल तर त्यातलं एक माप खोटं आहे. खोटं कोणतं, ते सांगायला लेखापाल लागत नाही.

कार्डावरच्या पॉइंटचा पैसा कुठून येतो, तेही बघायला हवं, कारण ‘बँक देते’ ही समजूत फार पसरलेली आहे. क्रेडिट कार्डानं बिल चुकतं झालं की दुकानदाराच्या रकमेतून साधारण दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क कापलं जातं. त्याचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि पॉइंट बऱ्याच अंशी त्यातून निघतात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे, म्हणून पॉइंटांची खैरात क्रेडिट कार्डावर दिसते. दुकानदार हा भार कुठं तरी किमतीत मिळवतोच. तेव्हा मोंढ्यात रोख पैसे मोजून तेलाचा डबा नेणारी बाईही, तिला पत्ता नसताना, कुणाच्या तरी पॉइंटला हातभार लावते. बिल थकवून महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज भरणारे तर सगळ्यांत जास्त लावतात. ही व्यवस्था न्याय्य आहे का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. माझ्या मते नाही. पण एवढं नक्की की यात फुकट काहीही नाही. प्रत्येक पॉइंटमागे कुणाचा तरी रुपया उभा आहे.

आणि तो रुपया किती खरा आहे ते कंपन्या अडचणीत आल्या की कळतं. जून २०२० मध्ये करोनानं विमानं जमिनीवर बसवली तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सनं आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या योजनेची तेव्हा सांगितली गेलेली किंमत कंपनीच्या शेअर बाजारातल्या एकूण किमतीहून जास्त होती. आपल्याकडे जेट एअरवेजच्या पॉइंट योजनेतला ५०.१ टक्के वाटा घ्यायला एतिहाद या कंपनीनं २०१४ साली १५ कोटी डॉलर मोजले. १७ एप्रिल २०१९ ला जेटची उड्डाणं थांबली, हजारो लोकांची तिकिटं बुडाली, पण ती पॉइंट योजना नाव बदलून पुढं चालू राहिली. विमान कंपनी गेली तरी तिचे पॉइंट धंदा म्हणून जगू शकतात, इतकी त्यांत ताकद आहे. भामट्यांनाही हे उमगलेलं आहे. ‘तुमचे ९,९८० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपणार, ही फाईल उघडा’ असे संदेश बँकेच्या नावानं मोबाईलवर येतात. फाईल उघडली की खातं रिकामं. लोक फसतात, कारण पॉइंट म्हणजे पैसा हे त्यांना आतून माहीत असतं. हॉटेलच्या काउंटरवर मात्र तेच लोक ते विसरायला तयार होतात.

कायद्यात ‘फुकट’ या शब्दाला जागा आहे, हे आधी मान्य करतो, कारण विरोधकांचा सगळा भर त्यावरच असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४२) मध्ये सेवेची व्याख्या आहे, आणि मोफत दिलेली सेवा तिच्यातून वगळलेली आहे. तेव्हा पॉइंटवरची खोली मोफत ठरली तर तक्रार तिथंच संपते. पण मोफत कशाला म्हणायचं हे सर्वोच्च न्यायालयानं दोनदा तरी फार बारकाईनं पाहिलेलं आहे. १३ नोव्हेंबर १९९५ चा इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता हा निकाल डॉक्टरांबद्दलचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातला एक भाग आपल्या कामाचा आहे. काही रुग्णांकडून पैसे घेणारं आणि काहींवर मोफत उपचार करणारं रुग्णालय असेल तर मोफत उपचार घेणाराही कायद्यानं ग्राहकच, असं न्यायालयानं ठरवलं. कारण दिलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. तसं मानलं नाही तर एकाच छपराखाली सेवेचे दोन दर्जे तयार होतील, पैसे देणाऱ्याला चांगला आणि न देणाऱ्याला हलका, आणि ज्याला संरक्षणाची जास्त गरज तोच उघडा पडेल. कायदा करणाऱ्यांचा हेतू असा असू शकत नाही. रुग्णालयाच्या जागी हॉटेल ठेवा. एका मजल्यावर रोख भरलेला पाहुणा, शेजारी पॉइंटवरचा. पॉइंटवरच्यानं तर खरोखर मोबदला दिलेला आहे, त्याची बाजू त्या रुग्णापेक्षाही भक्कम आहे.

दुसरा निकाल हॉटेलाबद्दलचाच. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या दारात एका पाहुण्यानं मारुती झेन गाडीची किल्ली तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात दिली आणि तो आत गेला. दोनेक तासांनी परत आला तर गाडी दुसराच कुणी घेऊन गेलेला. प्रकरण एकवीस वर्षं चाललं. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या नावानं सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. गाडी लावायची सोय मोफत होती, जबाबदारी आमची नाही, पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलंही होतं, हा हॉटेलचा बचाव. न्यायालयानं तो मानला नाही. खोलीच्या भाड्यात, जेवणाच्या बिलात या सोयीची किंमत आधीच धरलेली असते. आणि निष्काळजीपणाची जबाबदारी पावतीच्या मागं चार ओळी छापून झटकता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. तोंडानं ‘मोफत’ म्हणायचं आणि दरात वसूल करायचं, ही हॉटेल धंद्याची रीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ओळखलेली आहे. पॉइंट योजना ही त्याच रीतीची मोठी आवृत्ती आहे. दर भरताना किंमत घेतली, सेवा पुढच्या मुक्कामात द्यायचं कबूल केलं.

यावर हॉटेलवाल्यांचा एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यांत विचार करण्याजोगा वाटतो. ते म्हणतात, पॉइंटवर आलेल्या पाहुण्याचे आम्हाला पूर्ण पैसे मिळत नाहीत. हे बऱ्याच वेळा खरं असतं. मोठ्या साखळ्यांत इमारतीचा मालक एक आणि पाटीवरचं नाव दुसऱ्याचं, अशी सर्रास रचना असते. रोख भरणाऱ्या सभासद पाहुण्याच्या बिलातला काही टक्का हॉटेल योजनेच्या निधीत भरतं, आणि पॉइंटवरचा पाहुणा आला की त्या निधीतून हॉटेलला रक्कम मिळते. हॉटेल जवळपास भरलेलं असेल तर ती नेहमीच्या दराजवळ जाते, रिकामं असेल तर बरीच कमी असते. म्हणून लिफ्टच्या यंत्राशेजारची, मागच्या अंधाऱ्या चौकाकडे उघडणारी, कधीची दुरुस्तीला आलेली खोली पॉइंटवाल्याला द्यायचा मोह होतो. मालकाची अडचण समजू शकते, पण तिचं ओझं पाहुण्यानं का उचलायचं? आपल्या एस.टी.कडे पाहा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून पूर्ण मोफत. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं, आणि ती वेळेवर येत नाही अशी महामंडळाची ओरड असते. म्हणून हिंगोली आगाराचा वाहक अर्ध्या तिकिटाच्या बाईला फाटक्या सीटवर बसवतो का? तसं त्यानं केलं तर सगळी गाडी तिच्या बाजूनं उठेल. महामंडळ आणि मंत्रालय यांच्यातली थकबाकी त्यांनी आपसांत फेडायची. तिकीट फाडलं की प्रवासी पुरा प्रवासी. हॉटेलमालक आणि नाव देणारी कंपनी यांच्यातला करारही तसाच. पाहुण्याशी बोली झाली ती खोलीची, त्या खोलीच्या प्रकाराची आणि तिच्यासोबत लिहिलेल्या सोयींची. निधीतून किती आले हा त्या दोघांचा घरगुती मामला.

‘अटी मान्य आहेत’ या चौकोनात खूण तुम्हीच केली होती, असा आणखी एक आक्षेप असतो. इथं थोडा विवेक हवा. उपलब्ध असेल तर वरच्या दर्जाची खोली देऊ, असं योजनेत लिहिलेलं असतं. ती नाही मिळाली म्हणून भांडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. साध्या खोलीचं आरक्षण करून समुद्र दिसला नाही ही तक्रारही तक्रार नव्हे. अशा रडगाण्यांमुळे खऱ्या तक्रारी हलक्या होतात. पण पलंगावरची चादर धुतलेली असणं, नळाला पाणी असणं, दाराची कडी लागणं आणि पावतीवर लिहिलेला नाश्ता मिळणं ही ‘उपलब्धतेनुसार’ द्यायची चैन नाही. कायद्यातली त्रुटीची व्याख्या, कलम २(११), सेवेचा दर्जा, स्वरूप आणि ती देण्याची पद्धत यांतली कुठलीही उणीव धरते. राहता राहिल्या अटी. पन्नास पानांच्या इंग्रजी मजकुरात कंपनी म्हणते की आम्ही कधीही, कुठल्याही कारणानं, सूचना न देता पॉइंटचं मोल बदलू, खातं बंद करू, आमचा निर्णय अंतिम. २०१९ च्या कायद्यानं कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ ही कल्पना पहिल्यांदा आणली ती अशाच कलमांसाठी. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा हक्क त्यात नावानिशी आहे. अशा कराराला आव्हान द्यायचं तर राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि मराठवाड्यासाठी त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.

आता सर्वांत बोचरा आक्षेप. हळदीचे भाव पडले, सोयाबीन पाण्यात गेलं, तिथं पॉइंटवरच्या हॉटेलातल्या गिझरचं काय दुखणं सांगता? या प्रश्नातली कळकळ मी समजतो. दुःखांची तुलना केली तर हे दुःख अगदी लहान आहे, यात शंका नाही. पण ‘फुकट मिळतंय ना, मग गप्प बसा’ हे वाक्य हॉटेलात जन्मलेलं नाही आणि तिथं थांबतही नाही. रेशनच्या धान्यात खडे निघाले, शाळेच्या खिचडीत अळ्या निघाल्या, सरकारी दवाखान्यात खाट मिळाली पण चादर नाही, की हेच वाक्य ऐकू येतं. कायद्याच्या भाषेत ती प्रकरणं निराळी आहेत. जिथं सगळ्यांवरच मोफत उपचार होतात असं सरकारी रुग्णालय शांता निकालानंही कायद्याबाहेर ठेवलं, हे मी लपवत नाही. तिथली लढाई वेगळ्या वाटेनं लढावी लागते. पण वाक्य एकच आहे आणि सवयही एकच. शिकलेला, पगारदार, कायदा वाचू शकणारा माणूस स्वतःच्या कमाईच्या खोलीतसुद्धा या वाक्यापुढं नमत असेल, तर रेशनच्या रांगेतल्या माणसानं ताठ उभं राहावं अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

शिवाय कमी पैशांत किंवा पैशांशिवाय मिळणारं ते हलकंच असणार, हे गृहीतच आपल्या भागातल्या अनुभवाशी जुळत नाही. हिंगोलीहून अकोल्यामार्गे शेगावला जाणारी कितीतरी माणसं गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात उतरतात. दर माफक. पण फरशी पुसलेली, संडास स्वच्छ, सेवेकरी नम्र, आणि कमी पैशाच्या खोलीतला भक्त म्हणून कुणाला खालच्या आवाजात बोललं जात नाही. तिथं खरोखर दानाचा पैसा आहे, म्हणजे ती गाय धर्माची म्हणावी अशीच. तरी तिचे दात पाहायला कुणी ना करत नाही. एका देवस्थानाला जे जमतं ते रात्रीला हजारो रुपये दर लावणाऱ्या व्यवसायाला जमत नाही, असं मानायला मी तयार नाही. जमत नाही असं नसून, करायची गरज वाटत नाही, कारण पाहुणा मुकाट निघून जातो हे त्यांना माहीत झालेलं आहे.

लोक तक्रारी करायला लागले तर कंपन्या योजनाच बंद करतील, अशी भीती घालणाऱ्यांना उत्तर थोडक्यात देता येतं. ज्या योजनेवर अब्जावधी डॉलरचं कर्ज मिळतं ती चादर बदलावी लागली म्हणून कुणी बंद करत नाही.

मग हिंगोलीच्या माणसानं करायचं काय? जुन्या, १९८६ च्या कायद्यात मुंबईच्या हॉटेलविरुद्धचं भांडण बहुधा मुंबईतच जाऊन लढावं लागे, आणि तिथंच बहुतेक माणसं हात टेकत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ नं तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा दिली. म्हणजे गोव्याच्या खोलीची तक्रार हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होऊ शकते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली तर काही वेळा तेवढ्यानंच काम होतं. खोलीत शिरल्या शिरल्या फोटो काढावेत, काउंटरवर तोंडी न सांगता ईमेल करावा, आरक्षणाची पावती आणि पॉइंट कापल्याचा संदेश जपून ठेवावा. कंपनी स्वतः जे पॉइंट पैशांनी विकते त्यांचा त्या दिवसाचा दर आणि त्याच खोलीचा रोख दर, दोन्ही टिपून ठेवावेत. मोबदला शून्य होता असं सांगायला समोरचा उभा राहील तेव्हा हे कागद लागतील.

आणि एक अर्ज आवर्जून करावा. कलम ३८(९) नं जिल्हा आयोगाला कागदपत्रं हजर करायला लावण्याचा अधिकार दिला आहे. त्याखाली एवढंच मागावं, की त्या तारखेला, त्या क्रमांकाच्या खोलीसाठी, या पाहुण्याच्या नावावर योजनेच्या निधीतून हॉटेलच्या खात्यात किती रुपये जमा झाले आणि पॉइंट कापल्यानंतर कंपनीनं आपल्या वहीतलं देणं कमी करून उत्पन्नात किती रक्कम घेतली, ते दाखवणारी पानं आयोगापुढं ठेवावीत. फुकट दिली होती असं म्हणणाऱ्यानं ती दोन पानं उघडून दाखवावीत, मग पुढचं बोलू.